मामाच्या पाठीवरची बॅटरी

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे मामाचं गाव आहे. भात निघालं की तो त्याच जमिनीत भेंडी लावतो. त्या सकाळी मी बांधावर बसून मोबाइल बघत होतो आणि मामा पाठीवर पंप घेऊन फवारणी करत होता. पंप जुनाच होता, पण आतली बॅटरी नवी होती. ती मी बनवली होती.

चौथ्या सरीत मामा थांबला. मला वाटलं, नोझल तुंबलं असेल. त्याने मान वळवली, मागचा वास घेतला आणि दुसऱ्या क्षणी दोन्ही पट्ट्यांतून हात काढून पंप खाली टाकला. टाकीचं झाकण उघडलं, औषधाचं पाणी सरीत सांडलं. पंपाच्या बुडाशी बॅटरीचा कप्पा असतो, त्यातून पांढरा धूर यायला लागला. पलीकडे भेंडी तोडणारी मामी धावत आली आणि तिने मामाला दंडाला धरून मागे ओढलं. मी "लांब व्हा, लांब व्हा" एवढंच ओरडत होतो.

दोन-तीन मिनिटांत धूर थांबला. कप्प्याचं प्लास्टिक वितळून खाली लोंबत होतं. मामाच्या शर्टावर कमरेच्या वर तळहाताएवढा तपकिरी डाग होता. शर्ट वर करून पाहिलं, कातडी लाल झाली होती. फोड आला नव्हता.

मामा म्हणाला, "जाऊ दे. हातपंप आहे घरात."

मामी काही बोलली नाही. तिने सांडलेल्या औषधावर माती ओढली आणि परत तोडायला गेली.

हातपंपाचं काय आहे, ते सांगतो. सोळा लिटरची टाकी पाठीवर घ्यायची आणि चालता चालता एका हाताने दांडा सतत वर-खाली करायचा. दुसऱ्या हातात नळी. मामाचा डावा खांदा दोन वर्षांपासून धरला होता, म्हणून तर त्याने बॅटरीचा पंप घेतला होता. त्यातली मूळची शिशाची बॅटरी दुसऱ्या हंगामात बसली. तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो होतो, "मामा, तू नवीन घेऊ नको. मी लिथियमची बनवून देतो. हलकी होईल आणि जास्त चालेल."

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय. किन्हवलीच्या बाजारात एका टेबलाएवढ्या जागेत मोबाइल, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करतो. लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या भंगारात किलोवर मिळतात. एखादी फोडली की आत सहा किंवा आठ सेल निघतात, जाड बोटाएवढे. त्यांना १८६५० म्हणतात, कारण व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. बॅटरी मेली म्हणजे सगळे सेल मेले असं नसतं. बऱ्याचदा एखादी जोडी गेलेली असते, बाकीच्यांत जीव असतो. असे बारा सेल मोजून, तपासून मी निवडले. चार-चार समांतर, असे तीन गट एकामागे एक. भरल्यावर १२.६ व्होल्ट. पंपाला बरोबर चालतं.

सेल चांगले होते. चूक जोडणीत होती.

मी ते सोल्डरने जोडले होते. सोल्डर लावायला कावीया सेलच्या टोकावर चार-पाच सेकंद धरावा लागतो, आणि ती सगळी उष्णता आत जाते. सेलच्या आत प्लस आणि मायनसच्या पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा एक पातळ पडदा असतो. त्याला ही उष्णता सोसत नाही. दुसरी गोष्ट मला धुरानंतरच नीट कळली. या सेलचा पूर्ण डबा मायनस असतो. प्लसची टोपी फक्त वर मध्यभागी, आणि टोपी व डब्याची कड यांच्यामध्ये एक अरुंद रिंग आणि वरचं पातळ वेष्टन, एवढंच अंतर. पंप पाठीवर हिंदकळत राहिला, एक सोल्डर सुटला आणि मोकळी झालेली पट्टी वेष्टन कापून कडेला टेकली. झालं शॉर्टसर्किट. मी आत बीएमएस बसवलं होतं, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं सर्किट. पण ते बॅटरीच्या तोंडाशी बसतं. सेलचा सेललाच शॉर्ट झाला, तर त्या बिचाऱ्याला तो तोडता येत नाही.

हे मी घरी येऊन ती जळकी बॅटरी फोडून पाहिलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

कारखान्यात हे सेल सोल्डर करत नाहीत. निकेलची पातळ पट्टी सेलवर ठेवून स्पॉट वेल्डिंग करतात. तांब्याची दोन टोकं पट्टीवर दाबायची आणि क्षणभर प्रचंड करंट सोडायचा. पट्टी आणि डबा जिथे टेकतात तिथे विजेला सगळ्यात जास्त अडथळा होतो, म्हणून तिथेच सगळ्यात जास्त तापतं. धातू ठिपक्याएवढा वितळतो आणि एकजीव होतो. काम इतक्या झटक्यात होतं, की सेलच्या आतल्या भागाला तापायला वेळच मिळत नाही. ही युक्ती काही नवी नाही. एलिहू थॉमसन नावाच्या अमेरिकन माणसाने ती १८८०च्या दशकातच काढली. लिथियम-आयन सेल त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९९१ साली सोनीने बाजारात आणले.

तयार मशीन घ्यायचं तर स्वस्तातल्यावर भरवसा वाटेना आणि चांगलं परवडेना. म्हणून मी आधी तोच रस्ता धरला जो सगळे धरतात. भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर घेतला, त्याची बारीक तारेची गुंडाळी कापून काढली आणि त्या जागी जाड केबलचे दोन वेढे घातले. दुपारी करून पाहिलं, ठिपका मस्त बसला. संध्याकाळी तीच पट्टी, तोच सेल, तेवढाच वेळ. पट्टी नखाने निघाली. आणि मी बटण दाबलं की घरातले दिवे मान टाकत. आई आतून ओरडायची, "अरे, काय करतोस काय?"

मल्टीमीटर लावून बसलो. दुपारी २२५ व्होल्ट होते. संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे-पंखे लागले की १७५. तुम्ही म्हणाल, पाव भागानेही कमी झालं नाही. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने पडते. १७५ भागिले २२५, त्याचा वर्ग केला की ०.६ येतात. म्हणजे संध्याकाळच्या ठिपक्याला दुपारच्या साठ टक्केच ऊर्जा मिळत होती. वरून दोन्ही ठिपके सारखेच दिसत होते. मामाच्या पाठीवर कुठला जाणार होता, ते नुसतं बघून सांगता आलं नसतं.

गावातल्या विजेवर हे काम होणार नाही, एवढं कळलं. मग काय करायचं ते सुचलं, त्याचं श्रेय मी आजीला देतो.

आमचा तालुका शहापूर. भातसा धरण आमच्याकडे, तानसा आमच्याकडे. मुंबईचं पाणी इथून जातं. आणि एप्रिल-मे महिन्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात. माझ्या लहानपणी आजी मला रात्री झिऱ्यावर न्यायची. आटलेल्या ओहोळात खड्डा केलेला असायचा, त्याच्या तळाला करंगळीएवढी धार. हंडा त्यात बुडायचाच नाही. आजी वाटी घेऊन बसायची. वाटी भरली की हंड्यात, परत वाटी. अर्धा तास, पाऊण तास. हंडा भरला की मात्र एका झटक्यात डोक्यावर आणि चालायला लागायची. मी कंटाळून म्हणायचो, "आजी, किती हळू येतं गं." ती म्हणायची, "येऊ दे. न्यायचं एकदमच आहे ना?"

कॅपॅसिटर म्हणजे तो हंडा. त्यात वीज हळूहळू साठवता येते आणि एका झटक्यात ओतता येते. लाइन कितीही कमजोर असो. व्होल्टेज पडलं तर भरायला दोन सेकंद जास्त लागतील, पण भरल्यावर हंडा तेवढाच भरलेला असेल. दुपारी असो की संध्याकाळी, ठिपका सारखा. शहरातल्या मजबूत लाइनवर ट्रान्सफॉर्मर चालेल. आमच्याकडे हाच उपाय.

एका रविवारी सामान आणायला निघालो, पण लॅमिंग्टन रोडची दुकानं बंद असणार हे आसनगाव स्टेशनवर आठवलं. मंगळवारी परत. कसाऱ्याहून येणारी लोकल, दादरला बदल, मग ग्रँट रोड. १०,००० मायक्रोफॅरॅडचे, ३५ व्होल्टचे बारा कॅपॅसिटर घेतले. त्यांतला विजेचा प्रवाह सोडायला आठ मॉसफेट घेतले.

तुम्हाला आकड्यांचा कंटाळा नसेल तर एक गंमत सांगतो. बारा कॅपॅसिटर समांतर जोडले की ०.१२ फॅरॅड. २५ व्होल्टला भरले की ऊर्जा होते साडेसदतीस जूल. ही किती? लिटरभर पाण्याची बाटली पावणेचार मीटर वर उचलायला लागते तेवढी. तुमच्या हातातल्या मोबाइलच्या भरलेल्या बॅटरीत याच्या हजार पटीहून जास्त ऊर्जा आहे. पण मोबाइल ती दिवसभर पुरवतो. इथे ती एक-दोन हजारांश सेकंदांत बाहेर पडते आणि त्या तेवढ्या वेळापुरता करंट हजार अँपिअरच्या पुढे जातो. लोखंड वितळतं ते त्या घाईमुळे.

पहिल्याच ठोक्याला फट्‌ झालं आणि आठातले तीन मॉसफेट फुटले. एकाचा तुकडा कपाळाला लागला. त्यानंतर गॉगल न लावता मी त्या टेबलाजवळ बसलो नाही. कारण शोधायला चार दिवस गेले. एवढा मोठा करंट अचानक तोडला की तारा त्याला सहज थांबू देत नाहीत, क्षणभर उलटा मोठा झटका देतात. ट्रक जोरात ब्रेक मारतो तेव्हा मागचा माल पुढे येतो, तसं. तो झटका मॉसफेटला सोसला नाही.

परत लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने विचारलं, "क्या बना रहा है?" मी जळकी बॅटरी, मामा, पंप, सगळंच सांगितलं. त्याने खालच्या खोक्यातून बोल्टासारखा दिसणारा एक जुना एससीआर काढून दिला. "ये ले जा. ये बीच में बंद ही नहीं होता." खरंच आहे ते. एससीआर एकदा चालू झाला की हंडा रिकामा होईपर्यंत चालूच राहतो. मध्ये तोडणं नाही, म्हणून झटकाही नाही. ऊर्जा कमी-जास्त करायची तर वेळ नाही, भरण्याचं व्होल्टेज बदलायचं.

बाकीचं सगळं इथलं. लॅपटॉपचा जुना चार्जर, पुढे व्होल्टेज वाढवणारं छोटं मॉड्यूल. भरताना करंट आवरायला मध्ये ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब लावला. हंडा रिकामा असतो तेव्हा बल्ब झगझगीत पेटतो, भरत जाईल तसा मंद होतो, विझला की भरलं. वेगळा मीटर बघायला नको. टोकांना अर्थिंगची जाड तांब्याची तार, कानशीने अणकुचीदार केलेली. वेल्डिंगची केबल जेमतेम हातभर, कारण जितकी लांब तितकी ऊर्जा तारेतच जाते. सगळं धरून तीन हजारांच्या आत, फुटलेले मॉसफेट धरून.

मग महिनाभर मी फक्त तोडत होतो.

स्पॉट चांगला बसला की नाही, हे बाहेरून कळत नाही. ते कळायचा एकच मार्ग. पक्कडीने पट्टी धरायची आणि ओरबाडून काढायची. पट्टी अख्खी निघाली तर ठिपका बसलाच नव्हता. ठिपके डब्याला चिकटून राहिले आणि पट्टीला दोन भोकं पडली, तर बसला. मी पूर्ण रिकामे केलेले मेलेले सेल घेऊन अंगणात बसायचो, शेजारी वाळूची बादली. ०.१५ मिलिमीटरची पट्टी. वहीत लिहून ठेवलंय. १६ व्होल्ट, चिकटपट्टीसारखी निघाली. १९ व्होल्ट, करडे डाग, बाकी काही नाही. २२ व्होल्ट, कधी टिकते कधी नाही, म्हणजे नाहीच. २५ व्होल्ट, पट्टी फाटली, ठिपके राहिले. २८ व्होल्ट, भोक, काळं, ठिणग्या.

२५ ठरले, तरी दहातले दोन फसायचे. मग दाब कळला. टोकं हलकी टेकवली तर ठिणगी उडून भोक पडतं. फार रेटून दाबली तर पट्टी आणि डबा इतके घट्ट चिकटतात की अडथळाच उरत नाही, मग तापतही नाही. पुढे पट्टीला मध्ये कात्रीने चीर द्यायला शिकलो. चीर नसेल तर करंट एका टोकाकडून दुसऱ्याकडे पट्टीतूनच पळतो, चीर असली की त्याला सेलच्या डब्यातून जावं लागतं. आणि एकदा तर पट्टीच खोटी निघाली, आत लोखंड, वर निकेलचा मुलामा. कानशीने कड घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी गंज. शुद्ध निकेल असं गंजत नाही. मार्चच्या शेवटी वहीत लागोपाठ पन्नास ठिपके आले, पन्नासही फाटून निघालेले. त्यांतले निम्मे मी मुद्दाम संध्याकाळी मारले होते.

तोवर मामा हातपंपानेच फवारत होता. रात्री मामी त्याच्या खांद्याला तेल लावायची. हे मला आईकडून कळत होतं, मामा स्वतः कधी बोलला नाही.

नवी बॅटरी बनवली. बारा सेल, चोवीस टोकं, प्रत्येक टोकावर दोन ठोके. अठ्ठेचाळीस वेळा बल्ब विझायची वाट बघितली. प्रत्येक प्लसच्या टोपीभोवती चिवट कागदाची रिंग चिकटवली, म्हणजे पट्टी सुटलीच तरी कडेला टेकणार नाही. फ्यूज घातला. आणि दाखवायला म्हणून एका मेलेल्या सेलवर वेगळी पट्टी मारून सोबत घेतली.

मामाकडे पोचलो तेव्हा मामी ओट्यावर भेंडी निवडत होती. मी मेलेला सेल काढला, पक्कडीने पट्टी ओरबाडली, भोकं दाखवली, डब्यावर राहिलेले ठिपके दाखवले. मामा "बरं बरं" म्हणाला. त्याने तर न दाखवताही पंप पाठीवर घेतला असता. हीच भीती होती.

मामी म्हणाली, "हे तू घरून आणलेलं. ह्यांच्या पाठीवर जाणार ते कुठंय?"

मी बॅटरी पुढे केली.

"ह्यातलं तोड."

मी म्हटलं, "मामी, हे तोडलं तर परत जोडायला लागेल. इथे मशीन नाही. परत घरी जावं लागेल."

तिने समोरच्या ढिगातली एक भेंडी उचलली. "बाजारात मी गिऱ्हाइकाला म्हटलं, ही घे, हिचं टोक मोडून बघ, तर तो बघतो का? तो त्याच्या मनानं उचलतो. खालची, मधली. ती मोडतो. मला राग येतो, मोडलेली भेंडी कोण घेतं? पण त्याशिवाय तो पाव किलोसुद्धा घेत नाही." मग तिने बॅटरी हातात घेतली, फिरवली आणि मधल्या गटातल्या एका सेलवर बोट ठेवलं. "ही."

मी आधी त्या गटाचे दोर मोकळे केले, बाकीची टोकं झाकली. पक्कड लावली. हात थोडा थरथरत होता, पंचवीस व्होल्टच्या भीतीने नाही. ओढली. पट्टी फाटली. डब्यावर चार ठिपके राहिले, चारही.

मामीने बोटाने ते चाचपून पाहिले. "आता जा, जोडून आण," म्हणाली.

सरळगावहून किन्हवली, किन्हवलीहून घरी. राहिलेले ठिपके कानशीने घासून सपाट केले आणि शेजारच्या कोऱ्या जागेवर नवीन पट्टी मारली. ही नवीन पट्टी कुणी तोडून पाहिलेली नाही. तिच्यासारखी बाकीची तेवीस टोकंही कुणी तोडून पाहिलेली नाहीत. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तो तोडलेल्या पन्नासांच्या आणि मामीने निवडलेल्या एकाच्या जिवावर. कुठल्याही जोडाचं हेच असतं. जो तोडून पाहिला तो खात्रीचा, पण वापरायला उरत नाही. वापरायचा तो न तोडलेलाच असतो.

हे कळल्यापासून मी एक पथ्य पाळतो. बाजारात दोघांनी इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी बनवून मागितली, मी नाही म्हटलं. जुन्या सेलांची एवढी मोठी बॅटरी, जी रात्री कुणाच्या घरात चार्जिंगला लागणार आणि शेजारी माणसं झोपणार, तेवढं मी अजून तोडून पाहिलेलं नाही. माझ्या हातच्या दोनच बॅटऱ्या चालू आहेत. एक माझ्या टेबलावरच्या दिव्याला, एक मामाकडे. मामाची अंगणातल्या उघड्या ओट्यावर चार्ज होते, घरात नाही. मामीचा नियम आहे.

पुढच्या रविवारी ती बॅटरी पंपात बसवली. मामाने टाकी भरली, पट्ट्यांत हात घातले, बटण दाबलं. नोझलमधून बारीक फवारा सुटला. तो सरीत शिरला आणि मीही मागोमाग शिरलो, तोंडाला रुमाल बांधून. एक हात पंपाच्या बुडाशी, कप्प्यावर. पहिली सरी गार. दुसरी गार. चौथ्या सरीत माझी बोटं आपोआप घट्ट झाली. कप्पा गारच होता.

मामी बांधावर उभी राहून बघत होती.

पाचव्या सरीच्या तोंडाशी मामा वळला आणि म्हणाला, "अरे, सर ना मागं. औषध उडतंय तुझ्या अंगावर."